८५ हजारांचा कोर्स करू का?

पत्र

मॅडम, नमस्कार. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी, ट्रस्टच्या शंभर खाटांच्या हॉस्पिटलमध्ये मी डाएटिशियन आहे. एमएस्सी झालंय, आरडी म्हणजे नोंदणीकृत डाएटिशियन आहे. अख्ख्या हॉस्पिटलला मी एकटीच. वॉर्ड, ओपीडी, डायलिसिस, किचन, सगळं माझ्याकडे. आरडीच्या नूतनीकरणाला क्रेडिट पॉइंट लागतात म्हणून दर रविवारी वेबिनार ऐकते. सर्टिफिकेटांनी फाईल फुगली, पण सोमवारी वॉर्डात गेले की तीच जुनी डाएट शीट भरते. आता एका परदेशी संस्थेचा सहा महिन्यांचा ऑनलाईन ‘फंक्शनल न्यूट्रिशन’ कोर्स दिसलाय. फी ८५,००० रुपये, सवलत महिनाअखेरपर्यंत. मिस्टर म्हणतात कर. सासूबाई म्हणतात, आधीच रविवारी घरात असून नसतेस. बाळांच्या दुधाच्या पावडरीची एक कंपनी पुण्यातल्या परिषदेचा सगळा खर्च करायला तयार आहे, हॉटेलसकट. आणि गावातली एक मुलगी तीन महिन्यांचा कोर्स करून इन्स्टाग्रामवर ‘सेलिब्रिटी न्यूट्रिशनिस्ट’ झालीय, तिच्याकडे रांग लागते. मी मागे पडतेय का? हॉस्पिटल सध्या एनएबीएचची, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाच्या मानांकनाची, तयारी करतंय. कोर्सचा अभ्यासक्रम आणि आमच्या दोन डाएट शीटचे फोटो सोबत पाठवते. त्यातलं किडनीचं पान ओपीडीत आणि डायलिसिसच्या खोलीत एकच आहे. मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.

— एक आहारतज्ज्ञ, मराठवाडा

उत्तर

अगं, आधी पैशांचं बोलू, कारण त्याला मुदत आहे. तो कोर्स करू नकोस. मिस्टरांचा उत्साह चांगला आहे, तो जपून ठेव, पुढे दुसरीकडे लागेल.

अभ्यासक्रम मी नीट वाचला. आतड्यातले जिवाणू आहेत, हार्मोन्सचं ‘संतुलन’ आहे, आणि शेवटचे दोन विभाग सप्लिमेंट कशी सुचवावीत यावर आहेत. ती सप्लिमेंट विकणारी कंपनी त्याच संस्थेची भावंड आहे, हे खाली बारीक अक्षरात दिलंय. कोणताही महागडा कोर्स समोर आला की मी बघते, शिकवणारा माणूस आज स्वतः पेशंट बघतो का, परीक्षेत नापास होता येतं का, आपलं आरडी बोर्ड हे तास धरतं का, आणि कोर्सच्या मालकाचं दुकान कशाचं आहे. तुझा कोर्स या शेवटच्या प्रश्नालाच आडवा झाला.

पण नको म्हणण्याचं खरं कारण तू पाठवलेले फोटो आहेत. तुला काय शिकायला हवं, ते मला पत्रापेक्षा त्या दोन कागदांवरून जास्त कळलं.

पहिली शीट गरोदर बायकांच्या ॲनिमियाची. वर ठळक अक्षरांत ‘लोहयुक्त नाश्ता : पोहे (२० मिग्रॅ लोह / १०० ग्रॅम)’. शेजारी ‘चहा १ कप’. तळाला ‘रोजची गरज ३५ मिग्रॅ’. ही शीट तुझ्या आधीच्या बाईंनी केलेली दिसते, टाईपरायटरचा टाईप आहे. पण आज ती तुझ्या सहीने पेशंटच्या हातात जाते.

पोह्यांतलं ते २० मिलिग्रॅम आपण सगळ्यांनीच कॉलेजात घोकलंय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, आपल्या एनआयएनने, २०१७ साली भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते नव्याने काढले. ५२८ पदार्थ, देशभरातून गोळा केलेले नमुने, नव्या पद्धतीची तपासणी. त्यात पोह्यांचं लोह साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास आहे. ४० ग्रॅम पोह्यांच्या बशीतून तुझ्या शीटप्रमाणे ८ मिलिग्रॅम मिळत होतं, ते आता दोनसुद्धा भरत नाही. वर चहा, आणि चहातली टॅनिन त्यातलंही अडवून ठेवतात. खरं म्हणजे त्या बशीत लोहाच्या कामाची एक गोष्ट होती, वरून पिळलेलं लिंबू, आणि नेमकी तीच शीटवर छापायची राहिलीय.

आता तळाचे ३५. आयसीएमआर-एनआयएनने २०२० साली गरजांचे आकडे बदलले. गरोदर बाईचं लोह ३५ वरून २७ वर आलं आणि गरोदर नसलेल्या प्रौढ बाईचं २१ वरून २९ वर गेलं. हे वाचून पुष्कळ जणी चक्रावतात, छापण्यात चूक असेल म्हणून जुनाच आकडा चालू ठेवतात. चूक नाही. गरोदरपणात पाळी थांबलेली असते आणि आतडं लोह जास्त शोषून घेतं. तरी २७ मिलिग्रॅम नुसत्या जेवणातून रोज उभं करणं किती अवघड, ते तुला माहीत आहे. म्हणून तर ‘ॲनिमिया मुक्त भारत’मध्ये ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज, १८० दिवस द्यायची असते. तुझ्या शीटवर गोळीचं नावच नाही. गोळी चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमची गोळी आणि ही गोळी एका वेळी घेऊ नये, हे तर लांबच राहिलं. ॲनिमियाच्या बाईला तुझ्याकडून मिळणारी सगळ्यात मोलाची माहिती कदाचित एवढीच असेल, आणि कागदावरची जागा पोह्यांनी अडवलीय.

तेव्हा तुझा पहिला ‘कोर्स’ असा : हॉस्पिटलात जेवढ्या छापील शीट फिरतात त्या सगळ्या गोळा कर. किचनच्या भिंतीवरचा कळकट तक्ताही काढून आण. २०१७चे पदार्थांचे तक्ते, २०२०चं गरजांचं पुस्तक आणि मे २०२४ मध्ये आलेली भारतीयांसाठीची १७ आहारसूत्रं शेजारी ठेवून एकेक ओळ तपास. दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो. नव्या तक्त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलीय, ४.१८४ ने भागल्याशिवाय वापरू नकोस. पोह्यांचे १४८० बघून बिचकायचं नाही, ते ३५४ किलोकॅलरी आहेत. आणि २०२०च्या पुस्तकात प्रत्येक पोषकाला दोन आकडे आहेत, सरासरी गरज आणि शिफारस. शंभर मुलींच्या हॉस्टेलचा मेनू जोखायचा तर सरासरी गरजेचा आकडा धरायचा, समोर बसलेल्या एकीचा आहार आखायचा तर शिफारशीचा. हे उलटं केलेले रिपोर्ट मी मोठ्या संस्थांचेही पाहिलेत.

या कामाला पॉइंट कुणी देणार नाही. तरी ते आधी कर.

दुसरा फोटो मात्र बघून मला राग आला. तुझ्यावर नाही, त्या कागदावर. ‘किडनी डाएट’ असं मथळ्याचं एकच पान. डाळी बंद, दूध बंद, फळं बंद, भाज्या उकळून पाणी फेकून. आणि तू लिहितेस की हेच पान ओपीडीतही देतात आणि डायलिसिसच्या खोलीतही चिकटवलंय.

किडनीच्या आहाराच्या २०२०च्या केडीओक्यूआय मार्गदर्शक सूचना, म्हणजे अमेरिकेतल्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या, काढून समोर ठेव. डायलिसिस सुरू झालेलं नाही, मधुमेह नाही, आजार मधल्या किंवा पुढच्या टप्प्यावर आहे, अशा पेशंटला त्या वजनाच्या किलोमागे ०.५५ ते ०.६० ग्रॅम प्रथिनं सांगतात. मधुमेह असेल तर ०.६ ते ०.८. डायलिसिसवर गेलेल्या माणसाला १.० ते १.२. आता ६० किलोचा माणूस घे. डायलिसिसच्या आधी त्याला ३३ ते ३६ ग्रॅम, सुरू झाल्यावर ६० ते ७२. दुपटीचा फरक! मशीन प्रत्येक खेपेला त्याच्या रक्तातली अमिनो ॲसिडं, म्हणजे प्रथिनांचे घटक, धुऊन नेतं आणि भिंतीवरचा कागद त्याला सांगतो, डाळ बंद. सरकारी योजनेतून डायलिसिस फुकट मिळतंय म्हणून तो तीस-चाळीस किलोमीटरवरून एसटीने येतो, चार तास खुर्चीत बसतो, घरी जाऊन भाकरी आणि पिळून काढलेली भाजी खातो. महिन्या-दोन महिन्यांनी त्याची दंडाची घडी सैल पडते, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन खाली येतं, आणि कुणीतरी म्हणतं, वजन छान आटोक्यात आहे हं काकांचं.

पोटॅशियमचंही तसंच. त्या सूचनांत सरसकट बंदी नाही. रक्तातला आकडा बघायचा आणि त्याप्रमाणे ताट हलवायचं. ज्याचं पोटॅशियम ४.२, म्हणजे नॉर्मल, आहे त्याची फळं बंद करून आपण काय साधतो? फॉस्फरसमध्ये तर आणखी गंमत आहे. डाळी-धान्यांतला बराचसा फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो, तो कमी शोषला जातो. पाकिटातल्या पदार्थांत आणि कोलात मिसळलेला फॉस्फेट मात्र सहज आत शिरतो. तुझ्या शीटवर डाळ बंद आहे आणि शीतपेयाबद्दल चकार शब्द नाही.

म्हणून येत्या वर्षाचा तुझा विषय किडनी. एवढा एकच. आतड्यातले जिवाणू कुठे पळून जात नाहीत. तुझ्या हॉस्पिटलात डायलिसिसच्या खुर्च्या आहेत, तिथली माणसं आठवड्यातून दोन-तीनदा आपण होऊन तुझ्यासमोर येऊन बसतात. शिकायला याहून चांगली सोय पुण्या-मुंबईच्या डाएटिशियनलाही मिळत नाही. नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, येतील त्या दिवशी किचनचा इंडेंट (सामानाची मागणी) सकाळीच उरकून त्यांच्याबरोबर राउंडला उभी राहा. मग पुणे, मुंबई किंवा छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या मोठ्या किडनी युनिटच्या मुख्य डाएटिशियनला पत्र लिही, दोन आठवडे नुसतं बघायला येऊ द्या म्हणावं. आपल्या क्षेत्रातल्या मोठ्या बाया दिसतात तेवढ्या कडक नसतात, नीट लिहिलेल्या पत्राला नाही म्हणत नाहीत. राहण्या-जेवणाला जे लागेल ते त्या ८५,००० मधून घाल, बरेच उरतील.

आता पॉइंटांचं. ते वीजबिलासारखे समज : वेळेवर भरायचे, पावती जपायची, त्यापलीकडे मनाला लावून घ्यायचं नाही. नूतनीकरणाचे नियम थेट इंडियन डायटेटिक असोसिएशनच्या आरडी बोर्डाकडून घे, व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड होणारा तक्ता धरून चालू नकोस. एखाद्या वेबिनारला पॉइंट आहेत असं पोस्टरवर लिहिलेलं असणं आणि ते खरोखर मंजूर असणं यात फरक असतो. पैसे भरण्याआधी विचार.

तास मोजण्याची ही पद्धत आपल्याकडेच आहे असं नाही. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट दाखवावी लागतात. अमेरिकेतल्या नोंदणीकृत डाएटिशियनला पाच वर्षांत ७५, पण तिथे आधी आपल्याला काय येत नाही हे ठरवून शिकण्याची दिशा लिहून काढावी लागते, मग तास मोजतात. ब्रिटनमध्ये तर तासच मोजत नाहीत. तिथली नियामक संस्था एचसीपीसी दर दोन वर्षांनी नोंदणी नवी करते आणि त्या वेळी अडीच टक्के लोकांना सहज निवडून विचारते, काय शिकलात, त्याने तुमच्या कामात काय बदललं, पेशंटला काय मिळालं, लिहून द्या. तिथे गेलेल्या आपल्या मुली पहिल्यांदा हे ऐकतात तेव्हा हायसं वाटतं त्यांना, तास नाहीत म्हणून. लिहायला बसल्या की कळतं की सर्टिफिकेट जोडणं किती सोपं होतं.

हीच पद्धत तू घरच्या घरी सुरू कर. एक दोनशे पानी वही. कुठलंही व्याख्यान, लेख, राउंड झाला की दोन-तीन ओळी, त्याहून जास्त नाही. नमुना देते :

‘फॉस्फरसचं व्याख्यान. बदल : डायलिसिस शीटवरून “डाळ बंद” काढलं, कोला आणि पाकिटातले पदार्थ घातले, सरांची सही घेतली. बघायचं : तीन महिन्यांनी अल्ब्युमिन आणि फॉस्फरस.’

आणि ज्या दिवशी काहीच हाती लागलं नाही त्या दिवशी प्रामाणिकपणे ‘बदल : काही नाही’ असं लिहायचं. चार महिन्यांनी वही चाळ. कुणाच्या वेबिनारांपुढे सारखं ‘काही नाही’ येतंय ते दिसेल. ती मालिका बंद.

आणि एक अभ्यास असा आहे जो जगातलं कुठलंही विद्यापीठ तुला शिकवू शकणार नाही : तुझ्या जिल्ह्यातली भाकरी. आपल्या पुस्तकांत एक भाकरी म्हणजे ३० ग्रॅम पीठ. तशी भाकरी मी हॉस्पिटलांच्या किचनमध्ये पाहिलीय, मराठवाड्यातल्या घरात नाही. तिथे परातीत थापलेली ज्वारीची भाकरी ८०-९० ग्रॅम पिठाची सहज भरते. ज्वारीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ६८ ग्रॅम कर्बोदकं. पुस्तकी भाकरीत २०, घरच्या भाकरीत ६०. इन्शुलिन घेणाऱ्या माणसाला तू ‘दोन भाकऱ्या’ लिहून दिलंस तर तुझ्या डोक्यात ४० ग्रॅम असतात आणि त्याच्या ताटात १२०. मग साखर वाढली की आपण म्हणतो पेशंट पथ्य पाळत नाही. एक काम कर, किचनमधल्या मावश्यांना सांग, घरी करता तशी एकेक भाकरी करून आणा. थापण्याआधी गोळा कोरड्या पिठाचा किती होता ते त्यांनाच मोजायला लाव. वाट्याही आणायला सांग, पाण्याने भरून मिली मोज. आठवडाभरात तुझ्या भागाचा स्वतःचा मापांचा तक्ता तयार होईल. असोसिएशनच्या पुढच्या अधिवेशनात पोस्टर म्हणून तो पाठवलास तर लोक थांबून वाचतील. आतड्यातल्या जिवाणूंवरची पोस्टर ढिगाने येतात.

पावडर कंपनीचं प्रकरण मी थोडक्यात संपवते, कारण त्यात विचार करण्यासारखं काही नाही. बाळांच्या दुधाचे पर्याय आणि शिशुआहार यांवर १९९२चा केंद्राचा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. त्यानुसार या कंपन्यांनी आरोग्यसेवकांना किंवा त्यांच्या संघटनांना पैसे किंवा लाभ देणं मना आहे, आणि त्यात परिषदा, सेमिनार, अभ्यासक्रम, फेलोशिप यांचा खर्च नाव घेऊन आलाय. गरोदर बायका आणि बाळं तुझ्या वॉर्डात आहेत, म्हणजे तू आरोग्यसेवक. त्यांच्या माणसाला फोनवर नाही, ईमेलवर नकार दे आणि ती ईमेल ठेवून दे. तो म्हणेल की सगळ्याच मॅडम येतायत. येऊ देत.

मोठ्या माणसांच्या प्रोटीन पावडरीवाल्यांना हा कायदा लागत नाही, तिथे स्वतःचं डोकं वापरायचं. मी अशा व्याख्यानांना बसते, पण शेवटच्या स्लाईडवर डबा दिसला की आधीच्या चाळीस मिनिटांतलं काय काय त्या डब्याच्या दिशेने ढकललेलं होतं ते परत आठवून बघते. करमणूक होते आणि शिकायलाही मिळतं.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं मला पटलं. कानात इअरफोन, समोर कणीक, स्क्रीनवर कुणीतरी स्लाईड वाचून दाखवतंय आणि लेकरू पदर ओढतंय, यातून काय डोक्यात शिरणार! शिकणं हा नोकरीचा भाग आहे, तेव्हा त्याची वेळ नोकरीतूनच मागायची. तुझं ट्रस्ट फी भरणार नाही, खाजगीत फार थोडे भरतात. पण वेळ मिळवता येतो. तू लिहिलंयस की हॉस्पिटल एनएबीएचची तयारी करतंय. मग त्यांना कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या नोंदी दाखवायच्याच आहेत, आणि दाखल झालेल्या पेशंटच्या पोषणाची तपासणी होते का हेही. सुपरिंटेंडेंटना अर्ज लिही : आठवड्यातून एक दुपार दोन तास अभ्यासाला, आणि त्याच्या बदल्यात महिन्यातून एकदा नर्सिंग स्टाफला अर्ध्या तासाचं प्रशिक्षण, हजेरीपटासह. हजेरीपट म्हटलं की क्वालिटीवाल्यांचे डोळे चमकतात. शिवाय ट्यूब फीडिंगचं भांडं कसं धुवायचं, फीड किती वेळ बाहेर ठेवायचं हे सिस्टरांना समजावताना तुझे स्वतःचेच किती प्रश्न अर्धवट आहेत ते बाहेर येतं.

एकटेपणाबद्दल तू फार लिहिलं नाहीस, पण ‘अख्ख्या हॉस्पिटलला मी एकटीच’ या वाक्यात ते आलंय. मोठ्या शहरातल्या डाएटिशियनला शेजारच्या टेबलावर विचारता येतं, तुला नाही. म्हणून आजूबाजूच्या दोन-तीन जिल्ह्यांतल्या तुझ्यासारख्या चौघी-पाच जणी शोध. त्यात जिल्हा रुग्णालयाच्या पोषण पुनर्वसन केंद्रातली डाएटिशियन असलीच पाहिजे. तीव्र कुपोषित बाळाला एफ-७५ या सुरुवातीच्या उपचारी दुधावरून एफ-१०० या पुढच्या दुधावर कधी न्यायचं, हे रोज करणारी बाई तुला पुस्तकापेक्षा जास्त शिकवेल, आणि डायलिसिसमधलं तू तिला. महिन्यातून एकदा तासभर व्हिडिओ कॉल, एकीने एक केस मांडायची, नाव-गाव काढून. स्लाईड करायची नाही, स्लाईड केली की आपण भाषण देतो. जी केस चुकली वाटते तीच आणायची, असा नियम करा.

किडनीच्या जोडीला एका गोष्टीकडे मात्र यंदाच लक्ष दे, कारण ती तुझ्या ओपीडीत येऊन पोचलीच असेल. वजन आणि साखरेची आठवड्याला घ्यायची इंजेक्शनं. टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये. या पेशंटची भूक मरते, दोन घास खाल्ले की पोट भरतं. अशा माणसाला आपण सवयीने १२०० कॅलरीची शीट काढून दिली तर त्याला हसावं की रडावं कळणार नाही, तो आधीच त्याच्या खाली आहे. त्याला हवं असतं ते थोडक्या घासांत प्रथिनं कशी बसवायची, स्नायू कसे राखायचे, मळमळ आणि बद्धकोष्ठात काय खायचं, पाणी किती. सोबत इन्शुलिन किंवा साखर पाडणाऱ्या जुन्या गोळ्या असतील तर खाणं कमी झालंय हे त्याच्या डॉक्टरांना तू त्याच दिवशी कळवायचं. यावर एखादं चांगलं व्याख्यान पैसे भरून ऐकलंस तरी चालेल.

राहिली ती सेलिब्रिटी. तिच्याकडे रांग आहे कारण ती लोकांशी त्यांच्या भाषेत बोलते आणि आपण शीट देतो. तेवढं तिच्याकडून घ्यावं. बाकी तिच्याशी तुझी स्पर्धा नाही. डायलिसिसचा पेशंट तिच्याकडे गेला तर काळजी करण्यासारखं आहे, लग्नाआधी पाच किलो कमी करायला कुणी गेलं तर जाऊ दे.

पण कुणीही उठून स्वतःला न्यूट्रिशनिस्ट म्हणवण्याचे दिवस सरकारी कागदावर तरी संपत आलेत. २०२१ साली संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठीचा राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट दोन्ही आहेत, राज्यांच्या परिषदा आहेत, राज्याची आणि केंद्राची नोंदवही आहे. आरडी ही असोसिएशनची नोंदणी, ही कायद्याची. एक आहे म्हणून दुसरी लागत नाही असं समजू नकोस. तिच्या नावाने तक्रारी करत बसण्यापेक्षा तुझं नाव त्या वहीत लवकर चढव.

त्यासाठी कागद आत्तापासून लाव : दहावीपासूनच्या गुणपत्रिका, बीएस्सी-एमएस्सीच्या पदव्या (पदवी, प्रोव्हिजनल नव्हे), इंटर्नशिपचं पत्र, आरडीचं प्रमाणपत्र, आणि हॉस्पिटलचं अनुभवपत्र, ज्यात ‘डाएटिशियन’ हा शब्द असेल. ट्रस्टवाले सवयीने ‘किचन इन्चार्ज’ लिहून देतात, ते बदलून घे. तुझा ईमेल माहेरच्या नावाचा आहे आणि शीटवरची सही सासरच्या, म्हणजे गुणपत्रिकांवर एक नाव आणि आधारवर दुसरं असणार. आपल्याकडे अर्धे अर्ज इथेच अडतात. राजपत्रात नावबदल केलेला नसेल तर तो अर्ज आधी टाक, बाकीचे कागद तोवर जमतील.